सातवर सगळं बरोबर

“सुकेशनीमॅडम जवळ गेल्या की आकडा उडतो बघा सर,” असं आमचा शिपाई बिभीषण म्हणाला आणि तात्यासाहेब हसले. एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. पंखा फिरत होता, पलीकडच्या टेबलावर योगिनी नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे येताना टींटीं वाजत होता. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा हात तसाच राहिला, मीटरपासून वीतभर लांब, हवेत. आकडा खरंच उडाला होता, हेच तर वाईट. एकशे अठरावरून एकशे चाळीस, मग एकशे पाच, मग परत वर. मी हात मागे घेतला, आकडा खाली बसला. बिभीषण म्हणाला, “दिसलं का? आता म्या खोटं बोलतो काय?” तात्यासाहेब खिशात हात घालून उभे होते. लॅबचे मालक, आमचे सर. ते म्हणाले, “असतो बाबा एखाद्याच्या हाताला गुण. एखाद्याच्या नसतो.” मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं, “मनाला लावून घेऊ नकोस गं. दुपारच्या चहापर्यंत बघ. नाही जमलं तर उद्यापासून बिभीषण बसेल मशीनवर, तू गाडीबरोबर जा नमुने आणायला. तेवढीच बाहेरची हवा लागेल तुला.” आणि गेले आपल्या केबिनमध्ये, चपला फटफट वाजवत.

मनाला लावून घेऊ नकोस म्हणे. मग कुठं लावून घेऊ? बाहेरची हवा लागेल म्हणे. मी काय दमेकरी आहे? ही खुर्ची मला कुणी ओवाळून दिलेली नाही. रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी या लॅबमध्ये आले तेव्हा मला बाटल्या धुवायला लावल्या, आणि मी त्या धुतल्या, तोंडातून अक्षर काढलं नाही. आधीचा माणूस पुण्याला निघून गेला, मशीन कापड टाकून पडून राहिलं, चिकलठाण्याच्या कारखान्यांचं पाणी तपासायला येऊन तसंच तुंबायला लागलं, तेव्हा मी ते कापड काढलं. मशीनचं पुस्तक घरी नेऊन, मुकुंदवाडीच्या त्या एका खोलीत, शेजारच्यांचा टीव्ही चालू असताना कानात बोटं घालून वाचलं. तेव्हापासून ही खुर्ची माझी. गाडीबरोबर जायला मला कमीपणा नाही. कन्नडच्या घाटापासून पाचोडपर्यंत बोअरवर बाटल्या भरत मी हिंडलेली आहे, उन्हात करपलेली आहे. पण कामासाठी जाणं वेगळं आणि हाताला गुण नाही म्हणून हाकलणं वेगळं. काम चुकलं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन, आकडे काढून तोंडावर मारीन. हाताबद्दल कुणी बोललं तर काय दाखवायचं? हात?

बरं, मशीन तरी काय, तर पाण्याचा आंबटपणा मोजायचं मीटर. त्याला एक काचेची कांडी असते, इलेक्ट्रोड म्हणतो आम्ही. कांडीच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ काचेचा फुगा असतो. तो पाण्यात बुडवला की तिथं जरासा व्होल्टेज तयार होतो, इतका जरासा की मिलिव्होल्टमध्येच मोजायचा. तो वायरीतून मीटरच्या पाठीमागच्या गोल सॉकेटमध्ये जातो आणि मीटर त्याचा आकडा करतं. आता मीटर खरं बोलतंय का खोटं हे बघायला तयार पाणी मिळतं बाटलीत, त्याला बफर म्हणतात. सातचं बफर म्हणजे ना आंबट ना खारं. त्यात शून्य यायला पाहिजे. चारचं बफर आंबट, त्यात एकशे सत्याहत्तरच्या आसपास. दसऱ्यानंतर मी कामावर आले तेव्हापासून सातमध्ये कसं छान शून्य येतंय, आणि चारमध्ये मात्र एकशे तीस, एकशे वीस, सकाळच्या दमट हवेत त्याहून कमी. वर हात जवळ गेला की उड्या. मी बफर ताजं घेतलं. इलेक्ट्रोड धुतला, भिजत ठेवला, परत लावला. कपाटातला नवा कोरा इलेक्ट्रोड फोडला, तोही तसाच. तात्यासाहेबांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो तिकडून म्हणाला, सॉकेटची दोन्ही टोकं तारेनं एकमेकाला जोडा, शून्य आलं तर मशीन ठणठणीत. मी त्या वेळी खाली टँकरचा नमुना घ्यायला गेले होते, तर बिभीषणनं टेबलामागं डोकं घालून, मोबाईलचा टॉर्च लावून तार जोडली. शून्य आलं. मशीन चांगलं. इलेक्ट्रोड एक सोडून दोन चांगले. बफर ताजं. मग राहिलं कोण? सगळ्यांनी मिळून माझ्याकडं बघितलं. कुणी बोललं नाही तेव्हा. बोलायला आजची सकाळ उजाडावी लागली.

आकडा उडतो हे खरं, आणि कुणाचाही हात आला तरी तो उडेल हेही तितकंच खरं. माणसाचं अंग म्हणजे खारट पाण्याची पखाल, त्यात अंगावर पॉलिस्टरचा कुर्ता. वीज अंगाअंगावर बसलेली असते. म्हणून तर इलेक्ट्रोडच्या वायरीला आतून तारेची जाळी असते, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. जाळीचं कुठं तरी सुटलंय, हे मला कळत होतं. पण माझ्याशिवाय त्या टेबलाजवळ हात घेऊन येतंच कोण? योगिनीचं टेबल तिकडं. बिभीषण झाडू मारतो तेव्हा मशीन बंद असतं. तात्यासाहेबांचे हात खिशात. दिवसभर एकच हात तिथं असतो आणि तो माझा, मग आकडा माझ्याच हाताला उडणार ना, का शेजारणीच्या? एवढी साधी गोष्ट. पण हे बिभीषणला सांगायचं म्हणजे आधी हसणं सहन करायचं. त्याच्या घरची माणसं अजून मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडतात, त्यांना गावात कोण कुठं बसवतं हे मला माहीत आहे आणि त्याला त्याहून चांगलं माहीत आहे. तरी सर हसले की हा हसणार, सरांच्या आधी हसणार. सरांचा राग मला येतो, पण बिभीषणचा जास्त येतो, आणि तो जास्त का येतो याचाही येतो.

आमचे दादा, म्हणजे वडील, कडुबा नाव, पाचोडच्या आठवडी बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे. पोत्यावर बसायचे, समोर उघडे रेडिओ, मी बाजूला सोल्डरचं डबडं घेऊन. रेडिओ नुसता खरखर करायचा. दादा काही न करता नुसता हात त्याच्या जवळ न्यायचे, आणि खरखर थांबून आतून बाई स्वच्छ बातम्या सांगायला लागायची. हात मागे घेतला की परत खरखर. गर्दी जमायची. “कडुबाच्या हाताला लई गुण हाय,” लोक म्हणायचे. तेच अंगातलं खारट पाणी, तीच वीज, पण तेव्हा तो गुण होता कारण रेडिओ त्यांचा होता आणि त्यांना गाणी ऐकायची होती. मग त्यातलाच एखादा खूश होऊन समोरून चहा मागवायचा, आणि चहावाल्याचा माणूस दादांचा कप भिंतीवरच्या सापटीतून काढून आणायचा. बाकीचे कप टोपलीत, हा सापटीत. दादा तो स्वतः विसळायचे, चहा घ्यायचे, परत विसळून सापटीत ठेवायचे, आणि हसायचे. मला ते हसणं आवडायचं नाही. घरी येताना मी विचारलं होतं, हात चालतो आणि कप का चालत नाही? दादा म्हणाले, “हाताला गुण हाय म्हणत्यात की बाई. अजून काय पाह्यजे?” अजून काय पाहिजे! अजून सगळंच पाहिजे होतं. दादा गेले, तो बाजार बदलला, सापट बुजली असेल, नसेल. मला अजून त्या हसण्याचा राग येतो, आणि आज सकाळी सर गुण म्हणाले तेव्हा मी काय केलं? मीही ओठ ताणले. हसल्यासारखं. कुत्र्यानं शेपूट हलवावं तसं आपसूक. ते आठवलं की माझं मलाच थोबडावंसं वाटतं.

खंडेनवमीच्या दिवशी मी रजेवर होते. दरवर्षी असते. नवमीला मी पाचोडला जाऊन आईला घेऊन येते आणि दशमीला आम्ही दोघी लेणीवर जातो, पांढरं नेसून, गर्दीत धम्मवंदना घेतो, वर चढताना आईचे गुडघे कुरकुरतात म्हणून दर वळणावर बसतो. रजेवर जायच्या आधी मी इलेक्ट्रोड सॉकेटमधून काढला, धुतला, टोकाला मिठाच्या पाण्याची टोपी घालून खणात ठेवला. मीटर पुसलं, कापड टाकलं. इकडं मागं लॅबमध्ये पूजा झाली असणारच. सगळीकडं होते, गिरणीत, रिक्षावर, हॉस्पिटलच्या एक्सरे मशीनवर. मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही, ज्याचं त्याचं. आई मनकर्णाबाई लेणीच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली होती, “आपल्यात मशीनची पूजा नाय. मशीन पुसून ठेवायचं, झालं.” मी परत आले तर ओव्हनवर कुंकू, फ्रीजवर कुंकू, एसीच्या रिमोटवर कुंकू, झेंडूच्या माळा वाळलेल्या. योगिनीनं पेढा दिला. आणि पहिल्याच दिवशी आकडा घसरला तेव्हा तात्यासाहेब म्हणाले, “तू नव्हतीस ना पूजेला, रुसलंय ते.” तेव्हा मी खरंच हसले होते. मला गंमत वाटली होती. काय गाढव असतो माणूस.

दुपारचा चहा व्हायला फार वेळ नव्हता. मी चारच्या बफरसमोर बसून राहिले, हात मांडीखाली दाबून. योगिनी डबा खाऊन आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “जाऊ दे गं सुके. सरांचं बोलणं काय धरतेस? त्यांच्या मनात तसलं काही नसतं.” तसलं म्हणजे कसलं, योगिनी? नाव घे की त्याचं. पण योगिनीचा हात मायेचा होता, तोही खरा. आम्ही एका डब्यात जेवतो. तिच्या मेथीच्या भाजीवर मी हक्कानं तुटून पडते. आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिनं लॅबमधल्या सगळ्यांना बोलावलं, मला म्हणाली, तू तसंही मानत नाहीस ना गं, उगाच तुला अवघड वाटायला नको. चौदा एप्रिलला तात्यासाहेब स्वतः तसबिरीला हार घालतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात, मला मुद्दाम पुढं उभं करतात. रोजचं बोलणं, रोजचा चहा, सुके, मॅडम, गं, बाई. सगळं कसं व्यवस्थित. सातच्या बफरसारखं, ना आंबट ना खारं, आकडा शून्यावर. जरा कुठं आंबट झालं, मशीन अडलं, की मग कळतं किती गळतंय. आणि हे मनात म्हणताना मी थांबले. गळतंय. मी सरळ बसले. सातमध्ये शून्य येतंय म्हणून आम्ही सगळे खूश, आणि तार जोडून शून्य आलं म्हणून कंपनीवाला खूश. पण शून्यच आहे तर गळून गळून जाणार काय? रिकाम्या माठाला भोक असलं तरी त्यातून थेंब पडत नाही. ती परीक्षा परीक्षाच नव्हती. व्होल्टेज इलेक्ट्रोडकडून निघतोय पूर्ण, आणि मीटरमध्ये पोचायच्या आधी वाटेत कुठं तरी मुरतोय, आणि ती वाट म्हणजे वायर नाही, कारण वायर दोन्ही इलेक्ट्रोडची आपापली वेगळी आहे. राहिलं ते सॉकेट.

टेबल भिंतीला चिकटून आहे. सॉकेट पाठीमागं. कित्येक वर्षं मी तिथं नुसता हात घालून, अंदाजानं, इलेक्ट्रोड फिरवून बसवते, बघायची वेळच आली नाही. मी मीटर उचललं आणि फिरवलं. इलेक्ट्रोड काढला. सॉकेटच्या चकचकीत गोल कड्याच्या आत, जिथं दुधासारखं पांढरं प्लास्टिक असतं, तिथं तपकिरी काही तरी बसलं होतं. आधी वाटलं गंज. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून काडीला गुंडाळला आणि नुसता टेकवला. बोळा लाल झाला. मी तो नाकाशी नेला. खोबरं. खवट झालेलं खोबरं आणि हळद. कुंकू होतं ते, ओलं लावलेलं, वरून नारळाचं पाणी, आणि ते आत जाऊन मधल्या टाचणीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत चिखलासारखं थापलं गेलं होतं. सकाळची दमट हवा लागली की ते ओलं व्हायचं आणि व्होल्टेज पिऊन टाकायचं. बाहेरच्या कड्यावरही थर, म्हणजे वायरीची जाळी टेकतच नव्हती कुठं, म्हणून हाताला उड्या. सगळं एका कुंकवानं. मी बोळा लगेच मागे घेतला, पुढं पुसलं नाही.

बिभीषण टेबल पुसत होता. मी विचारलं, “तू परवा तार जोडलीस तेव्हा टॉर्च लावला होतास ना? तुला इथं काही दिसलं नाही?”

“दिसलं की.”

“काय दिसलं?”

“कुंकू. पूजेचं. सरांनी लावलं व्हतं ना, म्हून वरवर तार टेकवली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तो माझ्याकडं मी येडी असल्यासारखा बघायला लागला. “सांगायचं काय त्यात? आन ते काय पुसायचं असतं व्हय? देवाचं लावल्यालं. आपोआप जाऊ द्यावं लागतं मॅडम.”

“सरांनी इथं, मागं कशाला लावलं?”

योगिनी तिकडून म्हणाली, “अगं पाटावर सगळ्या मशिनी मांडल्या होत्या ना हॉलमध्ये. हे उलटं ठेवलं बिभीषणनं. सर म्हणाले ते चांदीसारखं चमकतंय तिथं लावतो, आणि मी फोटो काढत होते तर कॅमेऱ्याकडं बघत बोट घातलं त्यांनी.” आणि तिला हसू आलं, आणि माझं तोंड बघून ते गेलं. बिभीषण म्हणाला, “आज सकाळी परत नारळ फोडलाय म्या मशीनपुढं. सर म्हणले फोड म्हून. आता व्हईल नीट.”

मग मला खरा राग आला. सकाळचा नुसता भडका होता, हा आत बसला. कारण मला दोन्ही वाटा दिसल्या आणि दोन्ही बंद होत्या. मी आत्ता गुपचूप पुसलं, तर दोन मिनिटांत आकडा सरळ होणार, आणि केबिनमधून तात्यासाहेब येऊन म्हणणार, बघ, नारळ फोडल्याबरोबर झालं का नाही? आणि माझा हात तसाच बिनगुणाचा राहणार, नारळाच्या जोरावर खुर्चीत बसलेला, पुढच्या बिघाडापर्यंत. आणि मी आत जाऊन सांगितलं, सर, तुमच्या कुंकवानं मशीन बिघडलं, तर? तर ते माझ्या तोंडून निघालेलं वाक्य असणार. हेच वाक्य योगिनीच्या तोंडून निघालं तर ते गंमत, माझ्या तोंडून निघालं तर ते अमुक. सर डोळे बारीक करून म्हणणार, सुकेशनी, श्रद्धेवर नको जाऊस, आम्ही कधी तुमच्या गोष्टींवर बोलतो का? आणि मग मी समजावत बसायचं की मी श्रद्धेवर बोलत नाही, मी सॉकेटवर बोलते आहे. खरं सांगायलाही मला आधी माफी मागावी लागणार. कुठल्या शाळेत शिकवतात हे लोकांना, की चूक त्यांनी करायची आणि शब्द आपण जपून वापरायचे? मला रडू यायला लागलं, म्हणजे रागाचं असतं ते, नाकात झोंबणारं. मी ते गिळलं. दादा हसले असते. मी हसणार नाही आणि रडणार पण नाही, मी इलेक्ट्रोड परत बसवला, तसाच, घाणीवर. चारचं बफर लावलं. एकशे बावीस.

“बिभीषण, इकडं ये. हात पुढं कर.”

“कशाला?”

“कर म्हणते ना.”

त्यानं भीतभीत हात पुढं केला. आकडा उडाला. एकशे पन्नास, नव्वद. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. “आयला.” मी योगिनीला बोलावलं. तिच्या बांगड्या वाजल्या, आकडा उडाला. तिनं आपला हात दुसऱ्या हातात धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात चहा आला आणि चहाबरोबर तात्यासाहेब. “काय गं, झालं का?”

“नाही झालं सर. तुमचा हात पाहिजे.”

“माझा? कशाला?”

“इथं. वीतभर अंतरावर. नुसता आणा.”

तात्यासाहेबांनी बिभीषणकडं बघितलं, बिभीषणनं कपांकडं. सरांना अंदाज आला, त्यांना काय कळत नाही? हात खिशातच. म्हणाले, “बरं बरं, पटलं मला. सगळ्यांच्याच हातानं होत असेल. तू कर दुरुस्त, मी कुठं काय म्हणालो?” एवढं सोपं. हातही न काढता सोडवलं मला. मी म्हणाले, “सर, सकाळी सगळ्यांसमोर बोलणं झालं ते माझ्या हातावर झालं. आता सगळ्यांसमोर तुमचा हात आणा.” माझा आवाज चढला होता. खाली गिरणीवाल्यापर्यंत गेला असेल. “नाहीतर मी मशीनला हात लावत नाही. उद्या बिभीषण बसेल, तो पुसणार नाही, कारण ते देवाचं आहे. बसा मग नारळ फोडत.” योगिनी हळूच म्हणाली, “सर, आणा ना हात.” ती असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. तात्यासाहेबांनी उजवा हात खिशातून काढला. अंगठी, लाल खडा, मनगटाला नवरात्रातला धागा. हात पुढं आला आणि आकडा असा काही उडाला की दोनशेच्या पार गेला. हात तिथंच होता, आकडा वरखाली नाचत राहिला. कुणी हसलं नाही. मीही नाही.

मग मी इलेक्ट्रोड काढला, मीटर फिरवलं आणि सॉकेट त्यांच्यासमोर धरलं. आतला लाल चिखल दाखवला. त्यांचं बोट त्यांना ओळखू आलं. ते म्हणाले, “पूजा म्हटल्यावर थोडंफार लागतंच. घे पुसून.” मी काडीला नवा बोळा गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्यांच्यासमोर धरला. “तुम्ही लावलंय, तुम्ही पुसा. मी पुसलं तर ते वेगळं दिसेल. बिभीषण पुसणार नाही.” बिभीषण मागं सरकला. तात्यासाहेबांनी काडी घेतली. पेनासारखी धरली. सॉकेटमध्ये घालून फिरवली, बोळा लाल झाला, मी दुसरा दिला, तोही झाला. स्पिरिट बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत गेलं, धागा भिजला. “अजून. कड्याच्या आत. हां, तिथं.” वाकून त्यांचं तोंड लाल झालं होतं. प्लास्टिक पांढरं निघालं तेव्हा मी केसांच्या ड्रायरनं ते सुकवलं, इलेक्ट्रोड बसवला, चारच्या बफरमध्ये सोडला. आकडा चढत गेला आणि एकशे शहात्तरवर थांबला. मी वायरीवर हात ठेवला. सबंध तळवा. आकडा हलला नाही. मी हात काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला.

तात्यासाहेब लाल बोळे मुठीत घेऊन उभे होते. कचऱ्याच्या डब्याकडं गेले, पाय डब्याच्या पेडलवर ठेवला, झाकण उघडलं. आत चहाचे कागदी कप, जुने हातमोजे, कुणाच्या तरी केळाचं साल. पूजेचं कुंकू त्यात कसं टाकायचं? झाकण पडलं. बेसिनकडं बघितलं, तिथं बाटल्या धुतात, तेही नको. खिडकीतून खाली एमआयडीसीची गटार. बिभीषणकडं हात केला तर बिभीषणनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मुठीतून लाल पाणी गळून फरशीवर पडत होतं. शेवटी ते माझ्याकडं वळले. “हे कुठं टाकू गं?” खरंच विचारलं त्यांनी, पोरासारखं. आणि मला एक क्षण वाटलं, सांगावं, झेंडूच्या माळा ज्या पिशवीत बांधून ठेवल्यात त्यात ठेवा. मला माहीत होतं ती पिशवी कुठं आहे. मी नाही सांगितलं.

“ते तुम्ही ठरवा सर,” मी म्हणाले आणि पहिल्या नमुन्याचं बूच उघडलं. “आणि हात धुऊन या. त्याशिवाय मशीनजवळ येऊ नका.”